शेवटच्या दगडापर्यंत हवा

वळवाचा पाऊस जत-आटपाडीकडच्या माणसांना सुखावतो आणि तळ्यातल्या माशांच्या मात्र जिवावर उठतो. दिवसभर तापलेलं वरचं पाणी गारांच्या सरीने एकदम थंड होतं, जड होतं आणि खाली बसतं. मग तळाशी महिनोन्‌महिने न हललेलं, प्राणवायू जवळजवळ संपलेलं पाणी वर येतं. त्यात पुढचे दोन दिवस आभाळ भरलेलं राहिलं तर शेवाळाकडून मिळणारा प्राणवायूही आटतो. तिसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत तळ्यावर गेलं, तर बहुधा कटला आधी वर आलेला दिसतो. पाठ पाण्याबाहेर, ओठ पुढे काढलेले, पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यातून तो श्वास ओढत असतो. मागोमाग रोहू. मृगळ हा तळाला राहणारा मासा, पण तोही काठाला येऊन आडवा पडायला लागला की हाताशी फार वेळ उरलेला नसतो. गावात याला साधा शब्द आहे : मासे तोंड वर काढायला लागले.

हे मासे मुळात आपल्याकडचे नव्हेत. रोहू, कटला, मृगळ हे उत्तरेकडच्या मोठ्या वाहत्या नद्यांतले. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरींनी टोचणी देऊन कार्प माशांचं प्रजनन साधलं, म्हणून आज सांगलीच्या शेतकऱ्याला पिशवीतून बोटुकली मिळते. वाहत्या पाण्याचा मासा आपण प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या खड्ड्यात आणून सोडला, तेव्हा त्याच्या श्वासाची जबाबदारीही आपल्याकडेच आली.

सातारा-सांगलीत मासे म्हणजे पूर्वी कृष्णा-वारणेचे, कोयनेच्या शिवसागराचे, नाहीतर राजेवाडीसारख्या जुन्या तलावातले. डाळिंब आणि द्राक्षवाल्यांनी सामूहिक शेततळी खोदली, मग २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्यातलं मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल, आणि अनुदान तेव्हा ५० हजारांपर्यंत. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या आवर्तनाचं पाणी त्यात भरून ठेवायचं आणि उन्हाळाभर बागेला पुरवायचं. पाणी आहेच, तर मासे का नकोत, हा विचार ओघानेच आला. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने जिवाणू वाढवून मासे पाळायच्या बायोफ्लॉकच्या टाक्यांना हात दिला आणि मासे शेतातून थेट घरामागच्या परड्यात आले. लोखंडी जाळीचं कडं, आत ताडपत्री, चार मीटर व्यास, सव्वा मीटर पाणी, म्हणजे पंधरा हजार लिटर. काहींनी जुना सिमेंटचा हौदच वापरला. या छोट्या पाण्यात हवेचं गणित सर्वांत कडक असतं, आणि उपकरण निवडताना चुकाही इथेच जास्त होतात.

चूक बहुतेक वेळा एकाच क्रमाने होते. आधी यंत्र घेतलं जातं : किती एचपी, किती वॅट, कुठल्या कंपनीचं. मग मिळेल ती नळी, आणि शेवटी मूठभर एअर स्टोन, म्हणजे बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड. माझं म्हणणं असं की खरेदीचा क्रम नेमका उलटा हवा. आधी मासे मोजा, मग बुडबुडा ठरवा, मग तो किती खोल सोडायचा ते, मग नळी, आणि या सगळ्याला पुरेल असा पंप सर्वांत शेवटी. पैसे पंपावर जास्त जातात हे खरं, पण मासा जगतो तो हवेच्या वाटपावर.

पाणी उचलण्यात या दोन जिल्ह्यांचा हात कोणी धरणार नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. धनजीशा कूपर यांचा साताऱ्यातला कारखाना १९२२ चा. कऱ्हाडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने चढवून दुष्काळी माळावर नेलेलं आपण पाहतोच आहोत. त्यामुळे हेड, एचपी, डिलिव्हरी हे शब्द इथल्या पोरांनाही ठाऊक असतात. हवेचा स्वभाव मात्र पाण्यापेक्षा वेगळा आहे. ती दाबली की दबते, दबली की तापते आणि जिथे अडथळा कमी तिथूनच सगळी निघून जाते. ठिबकच्या नळीत शेवटच्या झाडाला पाणी पोचावं म्हणून दाब सांभाळणारे ड्रिपर मिळतात. एअर स्टोन तसं काही सांभाळत नाही.

आता मोजणी. समुद्रसपाटीला ३० अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २० अंशाला नऊच्या आसपास. सांगली साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून उन्हाळ्यात ही मर्यादा सात मिलिग्रॅमवर येते. महाबळेश्वर १३५० मीटरवर आहे आणि तिथली हवा आणखी विरळ, तरी पाणी गार असल्यामुळे त्यात सांगलीच्या मे महिन्यापेक्षा जास्तच प्राणवायू मावतो. कार्पला पाच मिलिग्रॅम असला की तो निवांत खातो. तीनच्या खाली खाणं सोडतो. एक-दोनवर काही तास गेले की मरतो.

एक किलो मासा ताशी अंदाजे ३०० मिलिग्रॅम प्राणवायू घेतो. परड्यातल्या टाकीत ५० किलो मासे असतील तर ताशी १५ ग्रॅम. पण टाकीत फक्त मासे नसतात. उरलेलं खाद्य, विष्ठा, शेणखत टाकलं असेल तर ते, आणि हे सगळं कुजवणारे जिवाणू. त्यांच्यासाठी निदान तेवढाच प्राणवायू आणखी धरावा. म्हणजे ताशी ३० ग्रॅम. बायोफ्लॉकमध्ये जिवाणूच तर वाढवायचे असतात, तिथे याहून जास्त.

एक लिटर प्रतिमिनिट हवा म्हणजे तासाला साठ लिटर. आपल्या उंचीवर त्यात प्राणवायू असतो पंधरा ग्रॅम. ऐकायला हे भरपूर वाटतं, पण बारीक बुडबुड्याने मीटरभर खोलीवरून सोडलेल्या हवेतला जेमतेम सहा टक्के प्राणवायू पाण्यात उतरतो, आणि तोही स्वच्छ, रिकाम्या पाण्यात. पाण्यात आधीच चार मिलिग्रॅम असताना हा वाटा दोन टक्क्यांवर येतो. बाकी सगळी हवा वर येऊन फुटते. म्हणजे मिनिटाला एक लिटर हवा पंपातून सोडली तर तासाला पाण्याच्या पदरात पडतो ०.३ ग्रॅम. आपल्याला हवे होते ३० ग्रॅम. तेव्हा मिनिटाला शंभर लिटर हवा लागेल. मत्स्यालयाच्या दुकानातला चार नळ्यांचा छोटा पंप इथे का पुरत नाही, आणि सुरुवातीला बोटुकली असताना तोच का पुरेसा वाटतो, हे या एका हिशेबात कळतं. मासे शंभर ग्रॅमचे होईपर्यंत काही बिघडत नाही. पाचशे ग्रॅमला जातात तेव्हा एका रात्रीत खेळ संपतो.

इथेच एक वाट आहे जिचा विचार यंत्राच्या आधी करायला हवा : मासा कोणता? चिलापी कमी हवेत तग धरते. मरळ तर वर येऊन थेट हवेतून श्वास घेतो. ज्याच्याकडे विजेचा भरवसा नाही, त्याने परड्यात कटला दाटीने ठेवण्यापेक्षा मरळाचा विचार करावा किंवा मासे निम्मे ठेवावेत. हवेतून श्वास घेणारा म्हणून थाई मांगूर कोणी सुचवेल, त्याच्या नादी लागू नये. त्या परदेशी माशावर देशात २००० सालापासून बंदी आहे, आणि पुरात तो ओढ्यात निसटला तर स्थानिक माशांचं वाटोळं करतो.

बुडबुड्याचा आकार निम्मा केला की तेवढ्याच हवेचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. शिवाय छोटा बुडबुडा सावकाश चढतो. मिलिमीटरभर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटर वर येतो, म्हणजे मीटरभर पाण्यात त्याला चार-पाच सेकंद मिळतात. जो काही प्राणवायू द्यायचा तो तेवढ्यात. पीव्हीसी पाइपला खिळ्याने भोकं पाडून काम भागवणारे बरेच आहेत. त्यातून गोटीएवढे बुडबुडे उसळतात, पाणी खळाळतं, बघायला जोर वाटतो. पाणी ढवळलं जातं हा फायदा खरा, पण प्राणवायू कमी उतरतो. उलट फारच बारीक छिद्रांचा दगड घेतला तर त्यातून हवा ढकलायलाच पंपाचा दाब खर्ची पडतो.

राखाडी एअर स्टोन स्वस्त आणि बदलायला सोपा. रबराची सच्छिद्र नळी, जिला बाजारात नॅनो ट्यूब किंवा एअरो ट्यूब म्हणतात, बारीक बुडबुडे देते आणि वेटोळं करून तळाला ठेवता येते. तिसरा प्रकार रबरी पडद्याची तबकडी. तिच्या पडद्यावर चिरा असतात. हवा आली की उघडतात, थांबली की मिटतात. आपल्याकडे लाईट जाणं रोजचं, म्हणून मी तबकडीच्या बाजूने आहे. दगडाचं तसं नाही. हवा थांबली की पाणी गाळासकट त्याच्या पोटात शिरतं, आणि विहिरी-बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर काही महिन्यांत छिद्रं पांढरी पडून बुजतात. ठिबकची नळी ॲसिडने धुणाऱ्याला हे नवीन नाही. दगड पाण्याबाहेर काढून, पातळ ॲसिडमध्ये भिजवून, भरपूर पाण्याने धुऊन मगच परत टाकावा. टाकीत मासे असताना नळीतून ॲसिड सोडण्याचा आळस करू नये.

आता खोली. एक मीटर पाणी म्हणजे शंभर मिलिबार दाब. छोटे रिंग ब्लोअर दीड-दोन मीटरपर्यंत बरे चालतात, त्याखाली त्यांची हवा झपाट्याने घटते आणि मोटार तापते. परड्यातल्या सव्वा मीटरच्या टाकीला अडचण नाही. ३ मीटरच्या शेततळ्यात मात्र दगड तळाला टाकण्याचा मोह टाळलेला बरा. एक तर ब्लोअरला ते झेपत नाही, दुसरं म्हणजे तळाचा कुजका गाळ उठतो. जुन्या तळ्यात पहिल्याच दिवशी पूर्ण हवा सोडली तर वळवासारखाच प्रकार आपण हाताने घडवतो. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडं वाढवत न्यावं.

शेततळ्याची आणखी एक खासियत आहे, जी परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही. इथलं पाणी माशांसाठी नसून बागेसाठी साठवलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये डाळिंबाला पाणी सुटतं आणि पातळी दर आठवड्याला उतरत जाते. तळाला बसवलेल्या तबकडीवर आज अडीच मीटर पाणी, महिन्याने दीड. त्यापेक्षा रिकामे प्लॅस्टिकचे डबे तरंगत ठेवून त्यांना तबकड्या दोरीने दीड मीटरवर लोंबकळत सोडाव्यात. पाणी उतरलं तरी खोली तीच, दाब तोच, आणि ५०० मायक्रॉनच्या कागदावर घासणारं काही नाही. वजनासाठी धारेचे दगड बांधू नयेत. दोन्ही टोकं बंद केलेला, सिमेंट भरलेला पाइपचा तुकडा चांगला.

तळं मोठं आणि पाणी उथळ असेल तर पॅडल व्हील वीज वाचवतं, कारण उथळ पाण्यात बुडबुड्याला वेळच मिळत नाही. पण नऊ गुंठ्यांच्या खोल शेततळ्यात ते वरचा थर घुसळतं, खालचा तसाच राहतो. परड्यातल्या टाकीत तर त्याला जागाच नाही.

नळीकडे कोणी बघत नाही, आणि निम्मी हवा तिथेच अडते. मत्स्यालयाची चार मिलिमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक नळी घ्या. तिच्यातून मिनिटाला दहा लिटर हवा ढकलली तर दर मीटरला सुमारे दहा सेंटिमीटर पाण्याएवढा दाब वाया जातो. पाच मीटर नळी म्हणजे अर्धा मीटर जादा खोली पंपाच्या माथी मारली. तेच ठिबकच्या १६ मिलिमीटर लॅटरलमधून मिनिटाला साठ लिटर हवा दहा मीटर गेली तरी पाच-सहा सेंटिमीटरच जातात. प्रवाह दुप्पट केला की हा तोटा चौपट होतो, म्हणून मुख्य वाट एक इंची पाइपची ठेवावी आणि १६ मिलिमीटरच्या छोट्या फांद्या काढाव्यात. तासगाव-पलूसला कुठल्याही ठिबकच्या दुकानात ग्रोमेट, जॉइनर, कॉक, एंड कॅप हे सगळं मिळतं. वाटपासाठी याहून वेगळं काही मागवायची गरज नाही.

मुख्य पाइप टाकीभोवती फिरवून पुन्हा स्वतःलाच जोडावा. असं कडं केलं की हवा दोन्ही बाजूंनी येते आणि लांबच्या दगडाची उपासमार टळते. तरीही प्रत्येक फांदीला कॉक हवाच. आठ दगड टाकले आणि त्यातला एक दहा सेंटिमीटर वर राहिला, तर हवा त्याच्याकडे धावते. तो उकळल्यासारखा फसफसतो आणि खालचे दोन-तीन मुके राहतात. लोक समजतात पंप कमी पडला, आणि मोठा आणतात. आधी सगळे दगड एका पातळीत आणावेत. मग पंपाजवळचे कॉक थोडे आवळत जावेत, शेवटच्या दगडातून तितकीच हवा येईपर्यंत. मात्र सगळेच कॉक आवळून हवा कमी करायला जाऊ नये. कोंडलेली हवा ब्लोअरला तापवते. जास्तीची हवा बाहेर सोडणारा एक कॉक मुख्य पाइपवर असावा.

हवा समान येते का, हे डोळ्यांवर सोडायची गरज नाही. लिटरची रिकामी बाटली पाण्यात बुडवून पूर्ण भरायची, उलटी धरायची आणि दगडाच्या बुडबुड्यांवर तोंड करून ठेवायची. बुडबुडे निसटू नयेत म्हणून तोंडाशी छोटं नरसाळं लावलं तर उत्तम. बाटलीतलं पाणी हवेने खाली सरकायला लागतं. सहा सेकंदांत बाटली रिकामी झाली, तर त्या दगडातून मिनिटाला दहा लिटर हवा येते. बारा सेकंद लागले, तर पाच. पहिल्या आणि शेवटच्या दगडावर ही बाटली धरली की वाटपाची सगळी कुंडली समोर येते. पंपाच्या डब्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा खोली नसताना मोजलेला असतो. दुकानदाराला विचारायचा प्रश्न हा : दीड मीटर पाण्याखाली हा पंप किती लिटर देतो? तसा तक्ता ज्याच्याकडे नाही, त्याचं यंत्र घेऊ नये.

पंप निवडताना पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर डोळ्यांसमोर आणू नका. त्याचा दाब प्रचंड, हवा थोडी, आणि तेलाचा अंश पाण्यात उतरण्याची भीती. जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरचंही तेच. परड्यातल्या टाकीला बिनतेलाचा डायफ्रॅमचा पंप किंवा त्याहून मोठ्या कामाला रिंग ब्लोअर. ब्लोअरमधून हवा गरम निघते, म्हणून पहिले चार-पाच फूट जीआय पाइप लावून मग पीव्हीसी जोडावा, नाहीतर पहिलाच सांधा मऊ पडून निसटतो. यंत्र पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावं. खाली ठेवलं तर लाईट गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं मोटारीत उतरतं. उलटा प्रवाह अडवणारा एनआरव्ही बसवला तरी उंचीची सोय सोडू नये. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटतं तेव्हा काळी राख ब्लोअरच्या जाळीत भरते. त्या महिन्यांत जाळी आठवड्याला झटकावी लागते.

आणि वीज. शेतातल्या तीन फेजच्या लाईनला पाळ्या असतात. कधी दिवसा, कधी रात्री. माशाला मात्र सर्वांत जास्त गरज पहाटे दोन ते सूर्य वर येईपर्यंत, कारण रात्रभर शेवाळही प्राणवायू देत नाही, उलट घेतं. म्हणून तीन फेजवर चालणारा मोठा एरेटर घेण्यापेक्षा घरच्या सिंगल फेजवर चालणारी दोन छोटी यंत्रं घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे. एक बिघडलं तर दुसरं निम्मी हवा देतं. घरच्या इन्व्हर्टरला १५० अँपियर तासाची बॅटरी असेल तर तिच्यातून साधारण एक युनिट वीज हाताशी येते. मिनिटाला शंभर लिटर देणारा ९० वॅटचा डायफ्रॅम पंप त्यावर दहा-अकरा तास चालेल. अर्ध्या एचपीचा ब्लोअर तीन तासही नाही, आणि चालू होताना जो झटका तो घेतो तो लहान इन्व्हर्टरला सोसत नाही. बायोफ्लॉकच्या दाट टाकीत हवा बंद पडल्यावर तास-दोन तासांत मासे मरतात. तिथे बॅटरी ही चैन नव्हे.

शेततळ्यावर वीज असून एरेटर नसेल, तर निकडीच्या वेळी ठिबकची मोटार चालवून पाणी तळ्यातच उंचावरून, जाळीतून किंवा स्प्रिंकलरमधून परत सोडावं. खत सोडायचा व्हेंचुरी ज्याच्याकडे आहे त्याने तो हवा ओढायला लावावा. थोडे मासे असतील तर एवढ्यावर रात्र निघते. फूटव्हॉल्व्ह तळाला टेकलेला नको, नाहीतर कुजकं पाणीच वर येईल. आणि हो, माशांच्या तळ्याचं पाणी बागेला जातं तेव्हा त्यात शेवाळ जास्त असतं. सँड फिल्टरचं बॅकवॉश एरवीपेक्षा लवकर करावं लागतं.

प्राणवायू मोजायचा तर मीटर घ्या किंवा थेंब टाकून रंग बघायचा किट. त्या किटची मूळ पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने १८८८ साली दिली. मोजणी दुपारी केली तर हिरव्या पाण्यात आकडा झकास येतो आणि फसवतो. सूर्योदयाच्या आधीचा आकडा खरा. दिवाळीनंतर पाणी गार होत जाईल, मासे कमी खातील, चूक झाली तरी निभावेल. कडं जोडायला, पातळी लावायला, बाटली धरून बघायला हेच महिने चांगले.

पहाटे तळ्यावर एकट्याने जाताना दोन गोष्टींचा विसर पडू देऊ नका. शेततळ्याचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आतून वर चढता येत नाही. आपल्या भागात लहान मुलं आणि त्यांना काढायला उडी घेतलेली मोठी माणसं अशा तळ्यांत गेली आहेत. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले असावेत, हवा भरलेली ट्यूब काठाला बांधलेली असावी, कुंपणाला कुलूप असावं. हवेच्या यंत्राला अर्थिंग आणि गळती पकडून वीज तोडणारा ब्रेकर हवा. तबकडी वर काढायची असेल तर आधी मेन स्विच बंद करा आणि मगच पाण्यात हात घाला, मासे कितीही तडफडत असले तरी.